सांदवाडीतला गारवा : दगड, पाणी आणि बांबू

परसबाग म्हटलं की आपल्या गटात लगेच वांगी, टमाटे, पालक, मेथी यांचा हिशोब सुरू होतो. ‘उमेद’च्या पोषण परसबागेचे गोल वाफे आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरामागे आहेत, आणि ते राहिलेच पाहिजेत. आज मात्र त्या वाफ्यांच्या शेजारी जी दहा बाय बारा फुटांची जागा उरते, तिच्याबद्दल बोलायचं आहे. त्या जागेत एरवी काय असतं ते आपल्याला माहीत आहे. न्हाणीचं पाणी, फुटका माठ, तुराट्यांचा ढीग आणि कोंबड्यांनी उकरलेली माती. याच जागेत बाईला घटकाभर बसता येईल अशी गार, शांत बाग करता येते. तिचे नियम पूर्वेकडच्या देशांत, विशेषतः जपानमध्ये, हजार वर्षांपासून लोकांनी घासूनपुसून ठेवलेले आहेत. ते नियम पैशांचे नाहीत, म्हणून आपल्या कामाचे आहेत.

अशी बाग पाहायला जपानला जायला नको. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, त्याचंच दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. साधारण दहा एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केली आहे. मूळची कोराकुएन तिथल्या इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने बांधून घेतली. १६८७ साली काम सुरू झालं आणि १७०० साली पुरं झालं. आपल्याकडे तो संभाजी महाराज आणि राजाराम महाराजांचा काळ. त्या बागेतली आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिच्यात भाताचं खाचर आहे आणि चहाचा मळा आहे. सरदाराची बाग, पण धान्याची लाज नाही. १९३४ च्या पुरात ती बुडाली, १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाली, आणि दोन्ही वेळा जुन्या नकाशांवरून आणि चित्रांवरून लोकांनी ती परत उभी केली.

आता आपल्या गटात पहिला प्रश्न आला तो अगदी बरोबर होता. एक मावशी म्हणाल्या, “आपण राह्यतो जंगलात. सेमाडोहात अजून कोणती शांतता पाह्यजे?” खरंच आहे. चारी बाजूंना साग, खाली सिपना, आणि सिपना म्हणजे कोरकूत सागच. पण मैत्रिणींनो, जंगल ही आपली बसायची जागा आहे का? जंगलात आपण सरपणाला जातो, मोहाला जातो, आणि कान टवकारून जातो, कारण मोहाखाली अस्वलही येतं. घराच्या पुढे ओटा आहे, तिथे माणसं बसतात आणि रस्त्याने पर्यटकांच्या गाड्या जातात. घरात चूल आहे. दिवसभरात बाई जिथे काही काम न करता बसली तरी कुणी “काऊन बसली?” म्हणणार नाही, अशी जागा मोजायला गेलं तर सापडत नाही. घरामागची बाडी तशी होऊ शकते. आजची सगळी खटपट त्यासाठी आहे.

सुरुवात रोपांनी करायची नाही, बसण्याने करायची. एक पाट घ्या आणि बाडीत सकाळी, दुपारी तीनला आणि दिवे लागायच्या वेळी, तिन्ही वेळा बसून बघा. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, कुणाची नजर कुठून पडते. बाडी घराच्या पूर्वेला असेल तर दुपारनंतर घराचीच सावली मिळते. पश्चिमेला असेल तर मांडव लागेल. वालाचा किंवा दोडक्याचा वेल चढवला की पावसाळ्यात हिरवं छत होतं आणि भाजीही निघते.

बसल्यावर दुसरी गोष्ट बघायची, ती म्हणजे लांबचा डोंगर. जपानी माळी याला उसनं घेतलेलं दृश्य म्हणतात. कोराकुएनच्या कुंपणापलीकडे मिसाओ नावाचा डोंगर आहे. तो बागेचा नाही, पण बाग अशी आखली आहे की डोंगर तिच्यातच उभा आहे असं वाटावं. आपल्याला तर सातपुडा फुकट मिळाला आहे. म्हणून कुंपण सगळीकडे सारख्या उंचीचं करायचं नाही. रस्त्याच्या आणि शेजारच्या बाजूला बांबूच्या कामट्यांचं किंवा तुराट्यांचं पुरुषभर उंच, आणि डोंगराच्या बाजूला कमरेएवढं. शेळ्या आत येऊ नयेत एवढं ते पुरतं. अशा कुंपणाला दहा रुपयांचा खिळा लागत नाही, पण छोटी बाडी एकदम मोठी दिसायला लागते.

आता दगड. जपानमध्ये ‘साकुतेइकी’ नावाचा एक ग्रंथ आहे, अकराव्या शतकातला. बाग कशी करावी यावरचं तिकडचं सगळ्यात जुनं पुस्तक तेच मानतात. त्यात दगड बसवण्याला बागकामातलं पहिलं काम मानलं आहे. तिथला सल्ला असा, की आधी एक मुख्य दगड बसवा, मग तो दगड काय मागतो ते बघून बाकीचे लावा. ऐकायला गंमत वाटते, पण चुलीचे तीन दगड मांडणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. एक दगड हलत असेल तर दुसरा कुठे सरकवायचा हे हातालाच कळतं.

आपल्या बाडीला तीन दगड पुरेत. एक मोठा, एक मधला, एक आडवा बुटका. ते मातीवर नुसते ठेवायचे नाहीत, खड्डा करून तिसरा हिस्सा तरी जमिनीत गाडायचा. गाडलेला दगड तिथेच उगवल्यासारखा दिसतो. दिसण्याहून मोठं कारण आपल्याकडे आहे, ते सापाचं. एकावर एक रचलेल्या दगडांच्या फटीत मण्यार आणि घोणस बसतात. गाडलेल्या दगडाखाली पोकळी राहत नाही. त्याच कारणाने तुराट्यांचा आणि विटांचा ढीग बसायच्या जागेपासून लांब न्या. रात्री बाडीत जायचं तर बॅटरी हातात असू द्या.

दगड आणायचे कुठून? सिपनेतून नाही. नदीतला गोटा गुळगुळीत आणि सुंदर असतो हे आम्हालाही माहीत आहे. पण आपण व्याघ्र प्रकल्पाच्या आत राहतो. देशात १९७३-७४ मध्ये पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात मेळघाट एक. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. बागेपायी कुणाच्या घरी चौकशी यायला नको. घर पाडताना निघालेले पायाचे दगड, शेताच्या बांधावर वेचून टाकलेले दगड, तुटलेला पाटा, झिजलेल्या जात्याची तळी, एवढं आपल्या गावात भरपूर आहे. जात्याची तळी तर सगळ्यात छान. मधोमध खुंट्याचं भोक असतं, तिथे ओवा लावला तरी दिसतो. सासूच्या हाताने झिजलेला दगड बागेत बसवायला एका ताईने आधी नकार दिला होता. पायाखाली नाही, बसायच्या उंचीवर ठेवायचा म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

पायवाटेचे दगड वेगळे. जपानमध्ये सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाचे चहाविधीचे मोठे गुरू होऊन गेले. त्या काळापासून चहाच्या झोपडीकडे जाणाऱ्या वाटेवर सुटे सपाट दगड टाकायची रीत पडली, म्हणजे पाहुण्याचे पाय चिखलाने, दवाने भरत नाहीत. आपल्याकडे चिखल त्यांच्याहून जास्तच. मेळघाटात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की मागच्या दारातून न्हाणीपर्यंत जाणं म्हणजे कसरत. दोन दगडांत अंतर किती ठेवायचं? फूटपट्टी लावू नका. डोक्यावर भरलेला हंडा घ्या आणि ओल्या मातीवरून नेहमीसारखं चाला. जिथे पाऊल उमटेल तिथे दगड. घरात गरोदर बाई किंवा आजी असेल तर तिलाच चालायला लावा आणि तिच्या पावलाचं माप धरा. दगडाचा माथा जमिनीच्या दोन बोटं वर राहू द्या आणि शेवाळ धरलं की नारळाच्या शेंडीने घासा. बाकीच्या दगडांवरचं शेवाळ मात्र काढू नका. जपानी माळी ते वर्षानुवर्षं जपतात, आपल्याला पावसाळा आपोआप देतो.

मधली मोकळी जमीन तशीच मोकळी ठेवायची. हे आपल्याला जड जातं, कारण रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा असं मनात बसलं आहे. क्योतो शहरात र्‍योआनजी नावाच्या देवळात एक बाग आहे. तिच्यात नुसती पांढरी खडी आणि पंधरा दगड. कुठूनही बसून बघा, एक तरी दगड लपलेलाच राहतो. खडीवर दाताळ्याने रेघा ओढतात. मैत्रिणींनो, आपण रोज पहाटे सडा घालून अंगण झाडतो तेव्हा खराट्याच्या ज्या अर्धगोल रेघा उमटतात, त्या याहून काही वेगळ्या नाहीत. फरक एवढाच, की ते रेघांकडे बघत बसतात आणि आपण झाडून झालं की भाकरी थापायला पळतो.

पाण्याकडे येऊ. इथे आपल्याला सगळ्यात जास्त विचार करायचा आहे, कारण होळीनंतर विहिरी खाली जातात आणि बागेला घालायला हंडाभर पाणी मागणं कुणालाच पटणार नाही. म्हणून नियम एकच, बागेला वेगळं पाणी नाही. चार माणसांचं घर, माणशी पंधरा लिटरच्या दोन बादल्या धरल्या, तर रोज १२० लिटर आंघोळीचं पाणी न्हाणीतून बाहेर पडतं. आज ते डबक्यात साचून डास वाढवतं. न्हाणीच्या तोंडाशी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा. तळाशी मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड रेती. कडेला कर्दळ आणि अळू लावा. त्यांच्या मुळांना ओल लागते आणि साबणाचं पाणी ती सोसतात. चरातून गाळलेलं पाणी केळीच्या आळ्यात सोडा. पालक, कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खायच्या किंवा जमिनीलगतच्या भाजीला हे पाणी नको. भांड्यांचं तेलकट पाणीही या चरात नको, रेती तुंबते.

दिसणारं पाणी हवं असेल तर एक दगडी किंवा मातीचं कुंड पुरे. जपानी चहाच्या बागेत हात धुवायला बुटकं दगडी कुंड असतं. ते मुद्दाम इतकं खाली ठेवतात की पाहुण्याने वाकावंच, मग तो कितीही मोठा असो. आपलं जुनं उखळ या कामाला झकास. पण त्यातलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, आतून घासून, कोरडं करायचं. डासाच्या अंड्याचा डास व्हायला उन्हाळ्यात-पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही. दर आठवड्याला गटाची बैठक असते, त्याच दिवशी कुंड घासायचं असं ठरवा म्हणजे विसर पडत नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी कुंड ठेवूच नये. हिवताप पाहिलेल्या गावाला आम्ही याहून मऊ शब्दांत सांगणार नाही.

आता बांबूचं एक खेळणं सांगतो, जे ऐकून आमच्या बैठकीतल्या पोरी सगळ्यात जास्त हसल्या. जपानी बागेत पाण्याजवळ एक बांबू वर-खाली होतो आणि दगडावर टक्‌ असा आवाज करतो. त्याचं नाव शिशी-ओदोशी. शिशी म्हणजे हरीण-डुकरासारखं रानटी जनावर आणि ओदोशी म्हणजे भिववणं. म्हणजे हे मुळात बागेतलं नाहीच, तर तिकडच्या शेतकऱ्यांनी पिकात घुसणाऱ्या हरणा-डुकरांना हाकलायला केलेलं साधन. मग तो आवाज श्रीमंतांच्या कानाला गोड लागला आणि ते बागेत गेलं. मका पेरणाऱ्या आपल्या बायांना हे नातं लगेच कळलं.

ते चालतं कसं ते नीट ऐका. दोन-अडीच फुटांचा, मनगटाहून जाड, पोकळ बांबू घ्यायचा. मधोमध एक पेराचा पडदा शाबूत ठेवायचा. पुढच्या बाजूचे पडदे सळईने फोडायचे आणि तोंड तिरकं कापायचं. पडद्याच्या जरासं पुढे आरपार भोक पाडून त्यातून काडी घालायची, आणि ती काडी दोन खुंट्यांवर टेकवायची. बांबू रिकामा असताना मागची बाजू जड असल्याने खाली दगडावर टेकते आणि तोंड वर राहतं. तोंडात पाण्याची बारीक धार पडत राहते. पुढचा भाग भरला की तो जड होतो, बांबू पुढे झुकतो, पाणी ओततो, हलका झाला की मागचा भाग परत दगडावर आपटतो, टक्‌. पडदा अगदी मागच्या टोकाला असेल तर पाणी आधी मागेच साचतं आणि बांबू झुकतच नाही. म्हणून पडदा काडीजवळ हवा. मागची बाजू हलकी वाटली तर आत खडे भरून चिखलाने बूच मारा. आपल्या मेळघाटातला मानवेल बांबू भरीव असतो, तो कुंपणाला आणि काठीला उत्तम, या कामाला नाही. इथे कटांग लागतो, तो पोकळ असतो.

धारेसाठी नळ लागत नाही. वर तिपाईवर मडकं, त्याच्या बुडाला सुईएवढं भोक, खाली उखळ. उखळातलं पाणी संध्याकाळी परत मडक्यात. एका मडक्यावर बांबू बराच वेळ चालतो. रानडुक्कर याने कायमचं जातं असं आम्ही सांगत नाही, आवाजाची सवय जनावरालाही होते. जागा बदलत राहिलं तर थोडा फायदा आहे, इतकंच. पण जनावरासाठी कुंपणात वीज सोडण्याचा विचार कुणाच्या घरात चालू असेल तर तो तिथेच थांबवा. तो गुन्हा आहे आणि त्यात आधी आपलीच माणसं आणि गुरं मरतात.

बांबू तोडायचा तर तीन वर्षांचा झालेला, आणि पाऊस संपल्यावर, थंडीत. कोवळ्या आणि पावसाळी बांबूत साखर जास्त असते, त्याला भुंगा लागतो. तोडल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवला तर ती साखर निघून जाते. मग सावलीत वाळवायचा. जंगलातला बांबू ग्रामसभेच्या आणि वनखात्याच्या नियमानेच मिळेल. पण २०१७ च्या दुरुस्तीपासून जंगलाबाहेरच्या, म्हणजे आपल्या स्वतःच्या जमिनीवरच्या बांबूला भारतीय वन कायद्यात झाड मानत नाहीत. म्हणून बाडीच्या कोपऱ्यात एक बेट लावणं शहाणपणाचं आहे. फक्त कटांग काटेरी आणि फार पसरतो, तो घराला लागून नको. बांबूकाम शिकायचं असेल तर आपल्या शेजारच्या धारणी तालुक्यात लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र आहे. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी तिथे कोरकू तरुण-तरुणींना बरोबर घेऊन हे काम उभं केलं.

झाडांबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला आमच्याहून जास्त येतं. या प्रकारच्या बागेत फुलांची गर्दी नसते. हिरव्याच्या निरनिराळ्या छटा, आणि एखादंच फूल. हळदीची रुंद पानं, गवती चहाची लांब पाती, अळूची गोल पानं, मागे केळ. यातलं सगळं स्वयंपाकघरात जातं. एक पारिजातक लावा, रात्री फुलतो आणि सकाळी खालच्या झाडलेल्या मातीवर सडा पडतो. रायमुनियाची फुलं रंगीत दिसतात म्हणून ती आणू नका, आधीच तिने जंगल खाल्लं आहे. कण्हेर विषारी, लेकरं आणि शेळ्या असलेल्या घरी नको. आणि झुडपं गुडघ्याच्या वर दाट वाढू देऊ नका. बसल्या जागेवरून कुंपणापर्यंत जमीन दिसली पाहिजे. आपल्या गावात कुत्र्यामागे आणि शेळीमागे बिबट्या घरापर्यंत येतो, त्याला लपायला जागा आपण करून द्यायची नाही. पुण्याच्या बागेला ही काळजी नाही, आपल्याला आहे.

उन्हाळ्यात यातलं अर्धं सुकेल. हळद जमिनीत जाईल, वेल वाळेल. दगड, झाडलेली जमीन आणि कुंपणापलीकडचा डोंगर राहील, आणि फाल्गुनात त्या डोंगरावर पळस पेटेल. ते दिवसही बागेचेच धरा.

बैठकीत एका बाईने स्पष्ट विचारलं, “एवढ्या जागेत मिरची लावली असती तं चार पैसे सुटले असते नाही का?” सुटले असते. आम्ही ते नाकारत नाही. ज्या घरात अंगणवाडीच्या वजनकाट्यावर लेकरू कमी भरतंय, त्या घराने आधी शेवगा, पपई, भाजीचे वाफे पुरे करावेत, दगड नंतर. पण ज्यांचे वाफे लागले आहेत त्यांनी उरलेल्या जागेचा भाव मिरचीत काढू नये असं आमचं मत आहे. त्याच बाईने आठ दिवसांनी सांगितलं की मिरची कुंपणाच्या आतल्या कडेला लावली आणि मधली जागा मोकळी ठेवली. हेही चालतं.

वेळापत्रक असं धरा. दगड गाडणं आणि चर खणणं मे महिन्यात, जमीन कोरडी असताना. हळद, कर्दळ, अळूचे कंद मृगाचा पाऊस पडला की. कुंपण दिवाळीनंतर, बांबू मिळाल्यावर. तीन-चार घरांनी मिळून एकमेकींच्या बाडीत एकेक दिवस काम केलं तर मजुरी लागत नाही, आणि मोठा दगड हलवायला चार जणी लागतातच. पहार आणि दोर गटाच्या खोलीत ठेवला आहे, नेताना वहीत नाव लिहा.